सीसीतला माणूस

मराठी समीक्षकांवर माझा एक जुना राग आहे. ही मंडळी कादंबऱ्या वाचतात, कविता वाचतात, नाटक पाहून आली की रात्र रात्र जागून त्याची साले काढतात; पण आमच्यासारखा मनुष्य सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत जे वाचतो, त्याकडे त्यांनी आजवर ढुंकून पाहिलेले नाही. मी वर्षाकाठी एक कादंबरी वाचतो, तीही शेवटची पाने आधी. उलट दिवसाला साठ-सत्तर ई-मेल मी वाचतो. (वाचतो म्हणजे उघडतो. हा फरक आत्ता किरकोळ वाटेल, पुढे तो माझ्या अंगावर येणार आहे.) शिवाय संगणकाच्या पडद्यावर उमटणाऱ्या सूचना, इशारे, धमक्या आणि क्षमायाचना वेगळ्याच. एवढे प्रचंड वाङ्मय, इतका बांधलेला वाचकवर्ग, आणि त्यावर एक परीक्षण नाही! तेव्हा हे काम शेवटी एका बँकेच्या कारकुनाने अंगावर घेतले आहे.

माझी पात्रता विचाराल, तर बी. कॉम., दुसरा वर्ग. साहित्यशास्त्रातले मला काही कळत नाही. रस नऊ असतात असे ऐकून आहे. पण मला खात्रीने ओळखता येतो तो दहावा, उसाचा. मात्र आमच्या कॉमर्सवाल्यांकडे समीक्षेचे एक साधन आहे, जे आर्ट्सवाल्यांकडे नाही. ते म्हणजे पानाच्या मधोमध एक उभी रेघ मारायची. डावीकडे नावे, उजवीकडे जमा. गुण जमेला टाकायचे, दोष नावे टाकायचे, आणि शेवटी दोन्हीकडची बेरीज जुळवायची. बेरीज जुळल्याशिवाय घरी जायचे नाही, हा आमचा धर्म. समीक्षकांनीही हा नियम पाळला असता तर बरेच जण अजून घरी पोचले नसते.

प्रथम थोडा वाङ्मयेतिहास.

आमच्या धंद्यात पूर्वी पोथ्या असत. त्यांना लेजर म्हणत. मी २००२ साली नोकरीला लागलो तेव्हा त्या पोथ्या लिहिण्याचा काळ सरला होता, पण त्या लिहिलेले लोक अजून निवृत्त व्हायचे होते. आमचे एक हेडक्लार्क होते. ते जुने लेजर उघडून नुसत्या अक्षरावरून सांगत, "हे अमक्याचं. हा तिसऱ्या तारखेनंतर उजवीकडं झुकायला लागतो. पगार झालेला असतो ना!" त्यांचे एक वाक्य मी अजून विसरलेलो नाही. ते म्हणायचे, "अरे, त्या काळी चुकीलासुद्धा बाप असायचा." चूक सापडली की अक्षर पाहायचे, बाप शोधायचा, त्याला चहा पाजायचा आणि त्याच्याकडून लाल शाईची सही घ्यायची. आज चूक झाली की सगळे एकमुखाने 'सिस्टिम' म्हणतात. सिस्टिमला अक्षर नाही, टेबल नाही आणि ती चहाही पीत नाही.

संगणक बँकांत आला तोही चोरपावलांनी. कामगार संघटना आणि बँका यांच्यात यंत्रांबाबत करार झाला तो १९८३ साली, डॉ. रंगराजन समितीचा बँकांच्या यांत्रिकीकरणावरचा अहवाल आला १९८४ साली. तेव्हा संगणक आला की माणसे घरी बसणार ही धास्ती मोठी होती. म्हणून आलेल्या यंत्राचे बारसे 'अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन' असे लांबलचक झाले. संगणक हा शब्द उच्चारायची पंचाईत होती म्हणून हे नाव, असे जुने लोक सांगतात. आपल्याकडे नवऱ्याचे नाव घ्यायची चाल नव्हती, त्यातलाच हा प्रकार. पुढे १९९८ च्या सुमारास केंद्रीय दक्षता आयोगानेच दट्ट्या लावला, की २००१ साल उजाडेपर्यंत बँकांचा सत्तर टक्के धंदा संगणकावर आलाच पाहिजे. तेव्हा कुठे ते नाव चारचौघांत घेण्याची सोय झाली.

मी लागलो तेव्हा आमच्या शाखेत काळा पडदा आणि त्यावर हिरवी अक्षरे होती. उंदीर नव्हता. म्हणजे संगणकाला जोडलेला नव्हता, बाकी रेकॉर्ड रूममध्ये भरपूर होते. पाचावर एन्टर, दोनावर एन्टर, पुन्हा एकावर एन्टर, की खाते उघडे. ही गाणी बोटांना पाठ होती. डोळे ग्राहकाकडे आणि बोटे यंत्राकडे, अशी कामाची सुरेख वाटणी होती. मग कोअर बँकिंग आले. बोटांची गाणी एका रात्रीत निकामी झाली आणि आम्ही पुन्हा बालवर्गात बसलो. त्या वेळी मी या नव्या अवताराला मनसोक्त शिव्या दिल्या. पण जमेची बाजू लपवणे हा आमच्यात गुन्हा असल्याने नोंद करतो: ज्या दिवशी दिव्यातल्या मुलाने आमच्या काउंटरवर पैसे भरले आणि सावंतवाडीजवळच्या त्याच्या बापाने ते पाच मिनिटांत तिकडच्या शाखेतून काढले, त्या दिवशी मी गप्प बसलो. मनिऑर्डरची वाट पाहणारे म्हातारे मी लहानपणी पाहिलेले आहेत. ही रक्कम जमेच्या बाजूला मोठ्या आकड्यात लिहावी लागते.

आता मूळ विषय: ई-मेल, एक साहित्यप्रकार.

ई-मेलचा जनक म्हणजे रे टॉमलिन्सन हा अमेरिकन गृहस्थ. त्याने १९७१ साली एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात निरोप पाठवला आणि नाव व पत्ता यांच्यामध्ये ते शेपूट गुंडाळलेले 'अ‍ॅट' चिन्ह बसवले. विशेष म्हणजे हे चिन्ह मूळ आमच्याच जातीचे. अमुक नग, तमुक दराने, हे लिहायला व्यापारी हिशेबात ते वापरत. म्हणजे ई-मेलच्या कुंडलीत बी. कॉम. आहे! पण वारसा तिथेच संपला. कारण हिशेबात एकही शब्द फुकट खर्ची पडत नाही, आणि मेलमध्ये फुकट शब्दांखेरीज दुसरे फारसे काही नसते.

नमुना पाहा. आरंभ 'डियर ऑल' असा. यात 'डियर' कोणी नसते आणि 'ऑल'मध्ये आपण असतो. मग 'ट्रेलिंग मेलच्या संदर्भात' असे एक वाक्य. म्हणजे खाली गाडीच्या डब्यांसारखे एकामागे एक जुने मेल जोडलेले असतात आणि कथानक समजायला सर्वांत शेवटच्या डब्यापासून इंजिनाकडे चालत यावे लागते. रहस्यकथेत खुनी शेवटी सापडतो, इथे शेवटी कळते की खून झालाच नव्हता, फक्त कोणी तरी स्टेशनरी मागितली होती. नंतर 'कृपया आवश्यक ते करावे'. आवश्यक ते काय, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसते. म्हणून तर तो ते आपल्यावर सोपवतो. आणि सर्वांत खाली एक इशारा: हा मजकूर गोपनीय आहे, तो आपल्यासाठी नसल्यास वाचू नये. हा इशारा मजकूर वाचून झाल्यावर येतो. दारावर 'आत येऊ नये' ही पाटी आतल्या बाजूला लावण्याचा हा प्रकार जगात दुसरीकडे नसेल.

या साहित्यप्रकारातली सर्वांत थोर कल्पना मात्र सीसी. आमच्याकडे नव्याने लागलेली एक मुलगी आहे, चुणचुणीत, एम. बी. ए. झालेली. तिला मी विचारले, "सीसी म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "सर, ज्यांना कॉपी जाते ते." "पण पहिला सी कशाचा?" तिने थोडा विचार करून सांगितले, "कॉन्फिडेन्शियल?" मी तिला कार्बन पेपर समजावून सांगितला. दोन कागदांमध्ये निळा-काळा कागद घालायचा, टाइपरायटरच्या रुळावर चढवायचा, आणि बोटे दुखेपर्यंत बडवायचे. पहिली प्रत साहेबाला, दुसरी फाइलला, तिसरी शाखेला. चौथी प्रत भुतासारखी दिसायची. ती ज्याच्या वाट्याला यायची त्याने मजकूर अंदाजाने वाचायचा. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "किती क्यूट!" माझ्या चार पिढ्यांचे हात काळे झाले, त्याचे एका शब्दात परीक्षण झाले.

पण विचार केला तर सीसी हे आमच्यासारख्यांचे चरित्रच आहे. 'टू'मध्ये ज्याचे नाव असते त्याने काम करायचे असते. 'फ्रॉम'मध्ये ज्याचे असते त्याने ते सांगायचे असते. सीसीत असलेल्या माणसाने फक्त असायचे असते. लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत उभे असलेले मामा असतात ना, तसे. तेवीस वर्षांच्या नोकरीत मी बहुतांशी सीसीत आहे. काही बरे झाले तर माझे नाव नाही, काही वाईट झाले तर मला माहीत होते याचा पुरावा आहे.

एवढे सगळे कसेबसे अंगवळणी पडले होते. तोच २०२५ चा ऑक्टोबर उजाडला, आणि दिवाळीच्या साफसफाईत आमचे सगळे जुने एकदमच अडगळीत गेले.

पहिल्याच आठवड्यात, चार तारखेपासून, चेक वटण्याची पद्धत बदलली. पूर्वी चेक गठ्ठ्याने जमा होऊन ठरल्या वेळी क्लिअरिंगला जात, दुसऱ्या दिवशी उत्तर येई. आता जसा चेक येईल तशी त्याची प्रतिमा काढून लागलीच रवाना करायची. ग्राहकाचे यात भले आहे, जमेला लिहितो. पण 'चेक टाकलाय, उद्या येतील पैसे' या वाक्याच्या आधारावर अर्ध्या ठाणे जिल्ह्याची उधारी चालत होती, तिचे काय?

मग चौदा तारखेला विंडोज दहाचे आयुष्य कंपनीने अधिकृतपणे संपवले. आमच्या टेबलावर विंडोज अकरा आले, आणि 'स्टार्ट'चे बटण डाव्या कोपऱ्यातून उठून मधोमध येऊन बसले. १९९५ पासून हे बटण डाव्या कोपऱ्यात होते. तीस वर्षे! तीस वर्षे एका खुर्चीवर बसलेल्या माणसाला आमच्याकडे कोणी हलवू शकत नाही. मी पंधरा दिवस रिकाम्या कोपऱ्याला टिचक्या मारीत होतो.

आणि महिनाअखेर पत्ता बदलला. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारीत जाहीर करून एप्रिलमध्ये परिपत्रक काढले होते, की सर्व बँकांनी ३१ ऑक्टोबरपर्यंत आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या नव्या आडनावाखाली आणावीत. कारण रास्त आहे. आमच्या नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे करून भामटे लोक खोटी संकेतस्थळे उघडतात आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना फसवतात. हे नवे आडनाव फक्त बँकांनाच मिळते. ते देणारी संस्था हैदराबादची. हेतूला शंभर गुण. पण त्या निमित्ताने आमच्याकडे मेलचा पत्ता, मेलची खोली आणि मेलचे कुलूप असे तिन्ही बदलले. नव्या मेलमध्ये जुन्या फायली कुठे गेल्या हे सांगणारा मेल जुन्या मेलवर आला, आणि जुना मेल तोवर बंद झाला होता.

समाधान एवढेच, की या पुरात आम्ही एकटे नव्हतो. केंद्र सरकारच्या सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांचे मेलही चेन्नईच्या झोहो कंपनीने उभारलेल्या व्यवस्थेवर गेल्याची बातमी त्याच महिन्यात वर्तमानपत्रांत आली. बारा लाख माणसे एकाच वेळी पासवर्ड विसरताहेत, या कल्पनेने मला त्या रात्री शांत झोप लागली.

आता शैलीविषयी दोन शब्द. या वाङ्मयात मला सर्वांत खटकते ते त्याचे कर्ताहीन वाक्य. पडद्यावर येते: 'समथिंग वेंट राँग'. काही तरी बिघडले. काय? कुठे? कोणाकडून? काही नाही. आम्ही पाचशे रुपयांचा चेक परत करायचा म्हटला तरी कारण द्यावे लागते. सही जुळत नाही, शिल्लक पुरेशी नाही, तारीख पुढची आहे. यादीतले नेमके कारण टिकमार्क करून द्यायचे, असा दंडक आहे. लाखो रुपयांचे सॉफ्टवेअर मात्र 'काही तरी बिघडले' एवढे बोलून हात झटकते. आमच्या घरी काचेची बरणी फुटली की चिरंजीव याच शैलीत निवेदन करीत. ते तेव्हा चार वर्षांचे होते.

दुसरे, त्याचा संशयी स्वभाव. 'आर यू शुअर?' हा प्रश्न मला दिवसातून तीसदा विचारला जातो. वाचकहो, मी नोकरी धरली तेव्हा हे मला कोणी विचारले नाही. लग्न ठरले तेव्हा कोणी विचारले नाही. दिव्यात घर घेतले तेव्हा तर नक्कीच कोणी विचारायला हवे होते. आणि एक कोरी फाइल पुसताना विचारतात, खात्री आहे ना?

दिव्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. बदल म्हटला की मी नाक मुरडतो, असा आमच्या घरातून आरोप होतो. तो खोटा आहे. दिवा जंक्शन आहे. वसईचा फाटा इथून, पनवेलचा फाटा इथून. पण जंक्शन असूनही जलद लोकल इथे थांबत नसे. मी फोर्टात होतो तेव्हाची ती वर्षे: डोळ्यांदेखत जलद गाडी धुरळा उडवीत जायची आणि आम्ही धिम्या गाडीच्या दाराला लोंबकळायचो. जानेवारी २०१५ मध्ये इथे लोकांचा संताप रुळांवर उतरला, तो साऱ्या मुंबईने पाहिला. आणि १८ डिसेंबर २०१६ पासून जलद गाड्या दिव्याला थांबू लागल्या. हा बदल मला एका दिवसात अंगवळणी पडला. प्रशिक्षण लागले नाही, पुस्तिका लागली नाही, पासवर्ड लागला नाही. का? कारण तो बदल आम्ही मागितलेला होता. माझ्या समीक्षेचा सिद्धांत म्हणाल तर हाच: वाचकाने मागितलेला बदल वाचकाला शिकवावा लागत नाही. स्टार्टचे बटण मधोमध आणा, असे निवेदन घेऊन आमच्यातला कोणीही गेला नव्हता.

उलट उदाहरण देतो. पूर्वी संगणकावर मराठी पत्र लिहायचे तर प्रत्येक फाँटचा कारभार निराळा होता. एकात टाइप केलेले पत्र दुसऱ्या यंत्रावर उघडले की 'आदरणीय महोदय'च्या जागी चौकोन, खुणा आणि शिव्यांसारखे दिसणारे काहीबाही यायचे. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा एक क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. आमच्या टेबलापर्यंत पोचायला तिला बरीच वर्षे लागली. पण पोचली तेव्हापासून दिव्यात लिहिलेला 'क' दिल्लीतही 'क'च उमटतो. त्याबद्दल कोणी हार घालायला बोलावले तर मी रजा टाकून जाईन. हेही जमेला.

असे सगळे टिपण तयार होते. नावेची बाजू जड होती आणि मी खुशीत होतो. एवढ्यात नोव्हेंबर आला, आणि त्याबरोबर आजी आल्या.

मी आता दिव्यातल्याच एका शाखेत आहे. नोव्हेंबर हा आमच्याकडे हयातीच्या दाखल्यांचा महिना. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचे दाखवायचे असते. ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासूनच मुभा आहे, बहुधा उशीर नको म्हणून. या आजी गावठाणातल्या. यजमान रेल्वेत गँगमन होते. ते गेल्यावर कुटुंबाचे निवृत्तिवेतन यांना मिळते. शाखेत आल्या की प्रथम मला शोधतात आणि दर खेपेला विचारतात, "बाला, पोराची दहावी झाली का?" त्याची बी. एस्सी. झाली आहे. मी दर खेपेला "झाली, आजी" म्हणतो.

वरून मेल आला होता की यंदा दाखले डिजिटलच घेण्यावर भर द्यावा. यंत्रावर बोट ठेवायचे, ठसा आधारशी जुळला की माणूस जिवंत. आजींनी बोट ठेवले. जुळेना. दुसरे ठेवले. जुळेना. दहाही बोटे झाली. पन्नास वर्षे भाताची लावणी केली, मासळी साफ केली, भांडी घासली. बोटांवर रेषा उरल्याच नव्हत्या. ज्या हातांनी सगळे आयुष्य केले, तेच हात आयुष्याचा पुरावा द्यायला नालायक ठरले. पडद्यावर आले, पुन्हा प्रयत्न करा. मी म्हणालो, "आजी, उद्या या."

उद्या सर्व्हर नव्हता. तिसऱ्या खेपेला आजी नातवाच्या खांद्याला धरून आल्या. हातांना खोबरेल लावून आल्या होत्या, कोणी तरी सांगितले होते म्हणून. ठसा जुळला नाही. मग त्या खुर्चीत बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "पेन्शन बंद पडंल का रं?" मी म्हणालो, "नाही हो, बघतो मी." त्या म्हणाल्या, "तू मला वळखतोस ना? मग त्या डब्याला काय इचारतोस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी त्यांना ओळखतो, ही बाब त्या पडद्यावरच्या एकाही रकान्यात भरता येत नव्हती. मी उठलो, आणि सॉफ्टवेअरविषयी, मेलविषयी, वरच्या कार्यालयाविषयी माझे हे संपूर्ण परीक्षण त्या मुलीच्या टेबलापाशी उभे राहून मोठ्या आवाजात सादर केले. माझे बोलणे संपेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "सर, त्या मेलमध्ये लिहिलंय की."

"काय लिहिलंय?"

"ठसा जुळला नाही तर फोनवर चेहऱ्यावरून करा, आणि तेही नाही जमलं तर साहेबांच्या सहीनं कागदी दाखला घ्या. अटॅचमेंटमध्ये. चौथ्या पानावर. तुम्हालाही आलाय ना मेल?"

आला होता. मी सीसीत होतो.

मेल उघडल्याची खूण होती, जोडपत्र उघडल्याची नव्हती. चौथे पान मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचले. महत्त्वाचे वाक्य चौथ्या पानावर पुरून ठेवणारा लेखक वाईट, यात शंका नाही. ते मी नावे टाकतो. पण तीन खेपा आजींना शेअर रिक्षातून आणवणारा वाचक कोण होता? नियम होता, सोय होती, कागदही चालत होता. वाचलेले तेवढे नव्हते.

चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची ही सोय नोव्हेंबर २०२१ पासूनची आहे. म्हणजे चार वर्षे ती माझी वाट पाहत होती. मुलीने माझ्याच फोनवर दोन अ‍ॅप उतरवून घेतले. आजींचा चेहरा गोलात धरला. फोन म्हणाला, डोळ्यांची उघडझाप करा. आजींनी इतक्या मनापासून उघडझाप केली की नातू हसायला लागला. हिरवी खूण आली. एका मिनिटात आजी भारत सरकारच्या दप्तरी जिवंत झाल्या. ज्या 'नव्या फॅडां'ना मी पाऊण वहीभर नावे ठेवली होती, त्यातल्याच एकाने काम केले होते. आजी निघताना मला म्हणाल्या, "डोळा मारला तवा खरं वाटलं व्हय मेल्याला?"

संध्याकाळी मी ते चौथे पान पुन्हा उघडले. त्याच्याखाली कागदी दाखल्याचा नमुना होता. त्यावर अधिकाऱ्याने सही करायची असते ती अशा अर्थाच्या एका ओळीखाली: मी यांना पाहिले आहे, आणि आजच्या तारखेस या हयात आहेत.

हे वाक्य मी तीनदा वाचले. तेवीस वर्षांत ऑफिसच्या वाङ्मयात मला इतके सरळ वाक्य भेटले नव्हते. 'मी' हा कर्ता आहे. 'पाहिले' ही क्रिया आहे. खाली सही आहे, म्हणजे चुकीला बापही आहे. 'काही तरी बिघडले' लिहिणाऱ्यांनी हा एक नमुना भिंतीवर लावून ठेवावा.

तर अशी ही खतावणी. नावेच्या बाजूला: कर्ताहीन वाक्ये, चौथ्या पानावरचे महत्त्वाचे मजकूर, न मागितलेले बदल, मधोमध बसलेले बटण. जमेच्या बाजूला: पाच मिनिटांत गावी पोचणारे पैसे, सगळीकडे सारखा उमटणारा 'क', भामट्यांना न मिळणारे आडनाव, आणि आजींचे उघडझाप करणारे डोळे. दोन्हीकडची बेरीज मारली. जुळेना. आमच्याकडे असा फरक निघाला की तो तात्पुरता सस्पेन्स खात्यात टाकतात आणि मग सावकाश शोधतात. मी शोधायला बसलो आणि फरक माझ्याच टेबलावर सापडला. वाचकाची रक्कम लिहायची राहिली होती. ती मी नावे टाकली आहे. आता जुळते.

तेव्हापासून सीसीतले मेलही मी जोडपत्रांसकट वाचतो. त्यामुळे घरी जायला रोज अर्धा तास उशीर होतो, आणि सौभाग्यवतींना वाटते की मला बढती मिळाली.

हा लेख संपादकांना नव्या पत्त्यावरून मेलने पाठवत आहे. मजकूर पहिल्याच पानापासून सुरू होतो, जोडपत्र काही नाही. सीसीत कोणालाही ठेवलेले नाही.